उपाशीपोटी सकाळचा कार्डिओ आणि अमिनो ॲसिडचा डबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर थंडी पडली की हे प्रश्न वाढतात. भरतीची तयारी करणारी मुलं, हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलेले चाळिशीतले लोक, लग्नाआधी दहा किलो उतरवायचे म्हणणारे, सगळे फिरून तिथेच येतात: पळण्याआधी ते अमिनो ॲसिडचं रंगीत पाणी प्यायचं की नाही? पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोळी चालू असेल तर आधी प्रश्न १६ ते १९ वाचा, मग बाकीचे.

१. उपाशीपोटी म्हणजे किती तास? रात्री अकराला जेवून सकाळी सहाला पळालो तर ते धरायचं का?

साधारण ८ ते १२ तास पोटात काही गेलेलं नसेल तर त्याला उपाशीपोटी म्हणतात. अकराला मटण-भाकरी खाऊन सहाला निघालात तर पचन अजून पुरतं आटोपलेलं नसतं, पण त्याने फार बिघडत नाही. रात्रभरात यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा बराच उतरतो. स्नायूंमधला साठा मात्र जवळपास तसाच राहतो, म्हणून उपाशीपोटीही अर्धा-पाऊण तास आरामात पळता येतं. तालमीत पहाटेची मेहनत उपाशीच होते, थंडाई नंतर.

आणि हो, "काहीच खाल्लं नाही, फक्त चहा-बिस्कीट" हे उपाशीपोटी नव्हे. दूध-साखरेचा चहा हा नाश्ताच, फक्त वाईट प्रतीचा.

२. बीसीएए, ईएए आणि व्हे यांत नेमका फरक काय?

प्रथिनं वीस अमिनो ॲसिडची बनतात. त्यांपैकी नऊ शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. ही नऊ म्हणजे ईएए. त्या नवांपैकी ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही तीन म्हणजे बीसीएए. व्हे हे दुधातलं संपूर्ण प्रथिन, त्यात सगळी वीस असतात. व्हेमधून २५ ग्रॅम प्रथिन घेतलं तर त्यातच साधारण ५ ते ६ ग्रॅम बीसीएए येतं. रोज व्हे घेणारा माणूस वेगळा बीसीएएचा डबा आणतो तेव्हा तो एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजत असतो.

३. उपाशी पळालं की चरबी जास्त जळते ना? मग वाद कशाचा?

पळण्याच्या त्या तासात जळणाऱ्या इंधनात चरबीचा वाटा जास्त असतो, हे खरं. इन्सुलिन कमी असतं, त्यामुळे साठवलेली चरबी सहज सुटते. पण शरीर हिशेब एका तासाचा ठेवत नाही. सकाळी चरबी जास्त वापरली तर उरलेल्या दिवसात कर्बोदकं जास्त वापरली जातात, आणि दिवसाअखेर फरक बहुतेक भरून निघतो.

२०१४ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २० तरुणींवर हे तपासलं. चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तासभर ट्रेडमिल. निम्म्या जणी उपाशीपोटी, निम्म्या शेक पिऊन. दोन्ही गटांचा आहार कमी कॅलरींचा. वजन आणि चरबी दोन्ही गटांत उतरली, गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे आणि कमी दिवसांचा आहे, पण "उपाशी पळालं तरच पोट उतरतं" या दाव्याला तो आधार देत नाही. सकाळी उपाशी पळायला सोयीचं आणि हलकं वाटत असेल तर पळा. तेवढं कारण पुरेसं आहे.

४. ट्रेनर म्हणतात, उपाशी पळालास तर स्नायू जळतील. खरं आहे का?

अर्धसत्य आहे, आणि डबे विकले जातात ते या अर्धसत्यावरच.

व्यायामात थोडंफार प्रथिन इंधन म्हणून जळतंच. १९८० च्या लेमन आणि मुलिन यांच्या प्रयोगात तासभर सायकलिंग करताना शरीरात कर्बोदकांचा भरपूर साठा असेल तेव्हा प्रथिनांचा वाटा सुमारे ४.४ टक्के निघाला, आणि साठा मुद्दाम संपवलेला असेल तेव्हा १०.४ टक्के. आता हिशेब करा. पाऊण तासाच्या जॉगिंगमध्ये ४०० कॅलरी गेल्या असं धरू. अगदी दहा टक्के धरले तरी ४० कॅलरी, म्हणजे १० ग्रॅम प्रथिन. एका रात्रीच्या उपाशीपणात स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा शाबूत असतो, त्यामुळे खरा आकडा याहून कमीच असणार.

शिवाय प्रौढ माणसाच्या शरीरात रोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिन मोडतं आणि पुन्हा बांधलं जातं. सकाळचे हे पाच-दहा ग्रॅम त्या उलाढालीत नाश्त्यापर्यंत भरून निघतात, अर्थात नाश्त्यात प्रथिन असेल तर. स्नायू खरोखर घटतात ते महिनोन्‌महिने कमी खाणं, प्रथिन कमी आणि वजनं अजिबात न उचलणं या तिन्हींच्या जोडीने.

५. मग आधी बीसीएए घेतल्याने काहीच फायदा नाही?

थोडा आहे, पण जाहिरातीत सांगतात तो नाही.

ल्युसीन स्नायूंना "बांधकाम सुरू करा" असा इशारा देतं, हे पक्कं. पण इशारा म्हणजे बांधकाम नव्हे. मुकादमाने भल्या पहाटे गवंड्यांना गोळा केलं आणि साइटवर नऊपैकी तीनच प्रकारचा माल असेल तर भिंत किती चढेल? उरलेली सहा अमिनो ॲसिड्स मग शरीर स्वतःच्याच स्नायूंतून काढतं. रॉबर्ट वुल्फ यांनी २०१७ च्या आपल्या आढाव्यात नेमका हाच आक्षेप घेतला होता.

त्याच वर्षी जॅकमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. वजनं उचलणाऱ्या तरुणांना व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिलं, तेव्हा स्नायू-प्रथिनांची बांधणी नुसतं चवीचं पाणी पिणाऱ्यांपेक्षा २२ टक्के जास्त दिसली. विक्रेते हा आकडा आवडीने सांगतात. पण तो प्रयोग वेट ट्रेनिंगचा होता, उपाशी कार्डिओचा नव्हता, आणि संपूर्ण प्रथिनातून मिळणारा प्रतिसाद याहून मोठा असतो.

दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं बीसीएएने थोडं कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. मेंदूचा थकवा कमी होतो ही कल्पना १९८० च्या दशकापासून आहे: बीसीएए आणि ट्रिप्टोफॅन (ज्यापासून सेरोटोनिन बनतं ते अमिनो ॲसिड) मेंदूत शिरायला एकाच वाटेवर स्पर्धा करतात, म्हणून बीसीएए वाढवलं तर थकव्याशी जोडलेलं सेरोटोनिन कमी बनेल. कागदावर सुंदर. मैदानावर वेळ सुधारल्याचा पुरावा मात्र कधी होय तर कधी नाही असा.

६. ते प्यायल्यावर "उपाशीपण" मोडतं का? चरबी जळणं थांबतं का?

काटेकोरपणे बोलायचं तर मोडतं. अमिनो ॲसिडच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ४ कॅलरी असतात. १० ग्रॅम घेतलं म्हणजे ४० कॅलरी आल्या, काही डब्यांवर शून्य लिहिलेलं असलं तरी. ल्युसीनने इन्सुलिनही थोडं वाढतं. पण पळायला लागल्यावर शरीर ते पटकन हाताळतं. चरबी जळण्याचा वेग थोडा घटेल, थांबणार नाही, आणि प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्या घटीला दिवसाच्या हिशेबात फार किंमत नाही. गंमत अशी, की उपाशीपणाचे फायदे हवेत म्हणून उपाशी राहायचं आणि ते सोसत नाही म्हणून कॅलरी प्यायच्या, हा व्यवहार मुळातच विचित्र आहे. धार्मिक उपासाबद्दल प्रश्न १५ पाहा.

७. असे कोण आहेत ज्यांनी घेणं खरंच योग्य ठरेल?

कार्डिओनंतर लगेच तासभर वजनं उचलणारे आणि नऊ-साडेनऊशिवाय काही खाऊ न शकणारे. स्पर्धेसाठी कॅलरी खूप खाली आणलेले बॉडीबिल्डर. दिवसातून दोनदा सराव करणारे खेळाडू. आणि ज्यांना सकाळी घन पदार्थ पोटात ठरतच नाही असे. या चौघांनाही माझा सल्ला ईएए किंवा व्हे असाच आहे. नुसतं बीसीएए हा तिन्हींतला सर्वांत कमजोर पर्याय.

टेकडीवर चाळीस मिनिटं झपाझप चालून घरी येऊन नाश्ता करणाऱ्याला यातलं काही लागत नाही.

८. घ्यायचंच असेल तर किती, आणि पळण्याच्या किती आधी?

ईएए ६ ते १० ग्रॅम, ३०० ते ४०० मिली पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं आधी. सुटी अमिनो ॲसिड्स पचवावी लागत नाहीत, त्यामुळे ती लवकर रक्तात येतात. व्हे असेल तर १५ ते २० ग्रॅम प्रथिन, किमान अर्धा तास आधी, नाहीतर पहिल्याच चढावर ढेकर सुरू. जोरात इंटरव्हल मारणार असाल तर पाऊण तास ठेवा.

९. सोबत काळी कॉफी चालेल?

चालेल. पळायला मदत होण्याच्या बाबतीत कॅफिनचा पुरावा बीसीएएपेक्षा कितीतरी भक्कम आहे. फक्त तुमच्या पावडरमध्ये आधीच कॅफिन घातलेलं नाही ना, हे पाहा. ॲसिडिटी असलेल्यांनी उपाशीपोटी कॉफी टाळलेली बरी, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी प्रश्न १७ वाचावा.

१०. डबा परवडत नाही. घरात काही आहे का?

आहे, आणि बहुतेकांसाठी तेच बरं. पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिन, एका अंड्यात ६ ग्रॅम. दोन उकडलेली अंडी खाल्ली की अडीच ग्रॅमच्या आसपास बीसीएए येतं, आणि उरलेली सहा अमिनो ॲसिड्स सोबतीला. फुटाण्याच्या ३० ग्रॅम पिठातून ६ ग्रॅमच्या आसपास मिळतं, पण त्यात तंतू भरपूर, म्हणून ते पळून आल्यावर. ताक छान लागतं, पण पातळ ताकात प्रथिन नावालाच.

खरा घोळ दिवसभराच्या बेरजेत असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनाची आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणात १.४ ते २ ग्रॅम सांगतात, म्हणजे ८४ ते १२०. आपला नाश्ता म्हणजे कांदेपोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी आणि वाटीभर पातळ वरण, रात्री पुन्हा तेच. यातून ५० गाठतानाही दमछाक होते. अशा ताटावर सकाळचं पाच ग्रॅम बीसीएए काय करणार? पोह्यांसोबत दोन अंडी किंवा शंभर ग्रॅम पनीर घ्या, उसळ घट्ट करा. शंभर ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये सुमारे ५२ ग्रॅम प्रथिन असतं आणि ते किराणा दुकानात मिळतं.

११. डब्यावर काय बघायचं?

एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक. प्रत्येक अमिनो ॲसिडचे वेगवेगळे ग्रॅम. "प्रोप्रायटरी ब्लेंड" म्हणून एकच बेरीज दिली असेल तर डबा परत ठेवा, कारण त्यात स्वस्त ग्लायसिन किती आणि ल्युसीन किती ते कळत नाही. बीसीएएचं (ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन यांचं) नेहमीचं प्रमाण २:१:१ असतं. ८:१:१ वगैरे आकडे भारी वाटतात, जास्त उपयोगी नसतात. आणि एका स्कूपचं वजन पाहा. चौदा ग्रॅमच्या स्कूपमध्ये पाच ग्रॅम अमिनो ॲसिड असेल तर बाकीचे नऊ ग्रॅम चव, रंग आणि भरताड.

१२. मी शुद्ध शाकाहारी आहे. बीसीएए केसांपासून बनवतात असं ऐकलं. खरं का?

काही वेळा खरं. केस आणि पक्ष्यांची पिसं केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात, आणि ते विघटित करून अमिनो ॲसिड काढण्याची जुनी, स्वस्त पद्धत आहे. दुसरी पद्धत मका वगैरेंच्या शर्करेवर जिवाणूंकडून आंबवण्याची. त्या डब्यांवर बहुधा "फर्मेंटेड" किंवा "व्हीगन" लिहिलेलं असतं. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका पाहाच (मांसाहारी पदार्थांवर आता तपकिरी त्रिकोण असतो), पण जैन घरात किंवा काटेकोर व्रतात घ्यायचं असेल तर कंपनीला मेल करून स्रोत लेखी विचारा. उत्तर टाळणाऱ्या कंपनीचा माल घेऊ नका.

१३. पोलीस भरतीचं ग्राउंड आहे. १६०० मीटरच्या आधी घेऊ का?

नको. पाच-सहा मिनिटांच्या धावेत अमिनो ॲसिडने सेकंद कमी होत नाहीत. स्नायूंतला ग्लायकोजेन त्यासाठी भरपूर असतो. रात्री नीट भात-पोळी खाल्ली आणि ग्राउंडच्या दीड-दोन तास आधी केळं खाल्लं की झालं. रांगेत नंबर कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पाणी आणि आणखी एक केळं जवळ ठेवा.

मित्राने दिलेलं "प्री-वर्कआउट" त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. रात्रभर प्रवास, अपुरी झोप, रिकामं पोट आणि वर कॅफिनचा मोठा डोस, यात छाती धडधडते आणि माणूस पहिल्या चारशे मीटरलाच जोर संपवून बसतो. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांसाठी आणखी एक: अमिनो ॲसिड्स ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाहीत, पण भेसळीच्या डब्यातून बंदी असलेलं काही पोटात गेलं तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

१४. रविवारी वीस किलोमीटर पळतो. तेही उपाशी, अमिनो ॲसिडवर जमेल?

जमेल, पण कशासाठी? दीड-दोन तासांच्या धावेला कर्बोदकं लागतात, तासाला ३० ते ६० ग्रॅम. खजूर, केळं, जेल, साखर-मीठ-लिंबाचं पाणी, जे सोसेल ते. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात किंवा मुंबईच्या दमट हवेत नुसतं अमिनोचं पाणी पिऊन पळणारा अर्ध्या वाटेत गळतो. अमिनो ॲसिड हे मुख्य इंधन नाही. प्रश्न ४ मधला १०.४ टक्क्यांचा आकडा पुन्हा पाहा: प्रथिन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय कर्बोदकं हाच आहे.

१५. एकादशीला, संकष्टीला किंवा नवरात्रात चालतं का?

देवाच्या उपासाला काय चालतं ते घराघरात वेगळं. एकाच वाड्यात दोन मतं असतात. त्यावर निकाल देणं आमचं काम नाही. शरीराच्या अंगाने एवढं सांगता येईल, की उपासाच्या दिवशी खरी अडचण सकाळची नसते, साबुदाण्याची असते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिन नगण्य. त्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा वाढवा. निर्जळी असेल तर जोराचा कार्डिओ पुढे ढकला, कारण प्रश्न पाण्याचा आहे. रमजानमध्ये रोजे ठेवणारे इफ्तारनंतर तासा-दीड तासाने व्यायाम करू शकतात. मग उपाशी कार्डिओचा प्रश्नच उरत नाही.

१६. मला मधुमेह आहे. चालेल?

आधी उपाशी कार्डिओ चालेल का ते डॉक्टरांना विचारा, पावडर नंतर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपाशी व्यायामात धोकादायक खाली येऊ शकते. अमिनो ॲसिड ती घसरण रोखत नाही. पळण्याआधी मोजा, या औषधांवर असताना ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घ्या. खिशात साखर ठेवा. फक्त मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका बराच कमी.

"बीसीएएने मधुमेह होतो" असंही फिरतं. इन्सुलिन रोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था) असलेल्यांच्या रक्तात बीसीएएची पातळी जास्त आढळते, हे खरं. पण ते कारण की परिणाम, हे एवढ्यावरून ठरत नाही.

१७. सकाळी थायरॉइडची गोळी घेतो. अमिनो कधी?

लेव्होथायरॉक्सिन साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. यात कॉफीही आली, पावडरही आली; काही पावडरींत कॅल्शियम घातलेलं असतं, ते तर गोळी शोषू देत नाही, म्हणून अशी पावडर चार तासांनी. सोपा मार्ग: गोळी घ्या, पळून या, मग खा.

१८. तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे. तरी पिऊन जाऊ?

नाही. पाणीच. आणि आदल्या दिवशी जोराचा व्यायामही नको, त्याने सीपीके आणि एसजीओटी या स्नायू-यकृताच्या तपासण्यांचे आकडे चढलेले येतात आणि विनाकारण घबराट होते.

१९. कुणी अजिबात घेऊ नये?

मेपल सिरप युरिन डिसीज हा जन्मजात विकार असलेल्यांनी बीसीएए नाही. फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांनी ईएए नाही, त्यात फेनिलॲलॅनिन असतं. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी गोळीच्या वेळी नाही, कारण दोन्हींची शोषणाची वाट एकच आणि औषध मागे पडतं. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अठराच्या आतल्या मुलांना याची गरजच नाही. त्यांच्या आईवडिलांनी डब्याचे पैसे दुधा-अंड्यांवर खर्च करावेत.

२०. मी बारीक आहे, फक्त पोट सुटलंय. कार्डिओने उरलेसुरले स्नायू जातील का?

हा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच खरा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे याहून थोडक्यात कुणी दाखवलेलं नाही.

तेव्हा काळजी रास्त, पण उपाय शेकरमध्ये नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस कार्डिओऐवजी वजनं उचला किंवा जोर-बैठका काढा, आणि प्रश्न १० मधली बेरीज पूर्ण करा.

२१. प्यायल्यावर मळमळतं, कधी चेहऱ्याला मुंग्या येतात. ॲलर्जी आहे का?

मळमळ बहुधा कमी पाण्यात दाट घोळ केल्याने किंवा गोडी आणणाऱ्या रसायनांनी. पाणी दुप्पट करा, तरी राहिली तर बंद करा. मुंग्या येत असतील तर लेबलवर बीटा-ॲलॅनिन शोधा. त्याने असं होतं आणि तासाभरात जातं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र थेट डॉक्टर. बाटली तासभर घोट-घोट पिऊ नका, त्यातलं सायट्रिक ॲसिड दातांचं कवच झिजवतं.

२२. हे सगळं वाचायच्या आधीच मोठा डबा आणला. आता काय करू?

फेकू नका. पळण्याआधी पिण्यापेक्षा ज्या जेवणात प्रथिन कमी पडतं, उदाहरणार्थ वरण-भात किंवा पोहे, त्याच्या जोडीला पाच ग्रॅम घ्या. तिथे उरलेली सहा अमिनो ॲसिड्स थोडीफार तरी ताटात असतात, त्यामुळे ल्युसीनच्या इशाऱ्याला काही माल मिळतो. झाकण घट्ट लावा, ओला चमचा घालू नका. पावसाळ्यात पावडरचा दगड होतो. नुसती गोळी बनली असेल आणि वास, रंग, तारीख ठीक असेल तर फोडून वापरता येते. बुरशीचा वास आला तर टाका. आणि संपल्यावर दुसरा आणू नका.